मज्जातंतूंची वेगपरीक्षा

बाकाच्या कडेवर कोपर आपटले, की थेट करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. मार बसला कोपराला, मग करंगळीने का कळवळावे? याचे कारण असे, की कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागून एक मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो. करंगळीचे संदेश मेंदूकडे नेणे हे त्याचे एक काम. वाटेत त्याला धक्का बसला, की त्यातून संदेश निघतो आणि मेंदूला वाटते, की तो करंगळीकडूनच आला!

या साध्या अनुभवात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. मज्जातंतूला त्याच्या वाटेवर मध्येच कोठेही चेतवता येते. मज्जातंतू आणि स्नायू यांचे विकार ओळखण्यासाठी डॉक्टर याच गोष्टीचा उपयोग करून घेतात. तो कसा, ते आता पाहू.

दोष कोठे आहे?

समजा, एका माणसाच्या हाताची पकड दिवसेंदिवस ढिली होत चालली आहे. शर्टाची गुंडी लावता येत नाही, हातातून पेला निसटतो. दोष नक्की कोठे असेल? शेतातला पंप बंद पडला, की आपण काय करतो? खांबावर वीज आहे का, केबल तुटली आहे का, जोड सैल झाला आहे का, की मोटारच जळाली आहे, हे क्रमाने पाहतो. शरीरातही मेरुरज्जू, मज्जातंतू, मज्जातंतू व स्नायू यांचा सांधा आणि स्वतः स्नायू, असे चार टप्पे आहेत. बाहेरून दिसणारा अशक्तपणा सारखाच असला, तरी प्रत्येक टप्प्याच्या दोषावरचा उपचार वेगळा असतो. म्हणून दोषाची जागा शोधणे महत्त्वाचे.

मात्र एक फरक ध्यानात ठेवा. मज्जातंतूतील संदेश म्हणजे तांब्याच्या तारेतून वाहणारा प्रवाह नव्हे. तो फटाक्यांच्या माळेसारखा पुढे सरकतो. एक फटाका दुसऱ्याला पेटवतो, दुसरा तिसऱ्याला. तंतूच्या प्रत्येक भागात सोडियमचे विद्युत्भारित कण आत शिरतात, तेथील विद्युत्‌दाब क्षणभर बदलतो आणि हा बदल पुढच्या भागाला चेतवतो. फटाक्यांची माळ एकदाच वाजते; मज्जातंतू मात्र काही सहस्रांश सेकंदांत पुन्हा सज्ज होतो.

हेल्महोल्ट्झ यांची वजाबाकी

हा संदेश किती वेगाने धावतो? बर्लिनचे नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांचे मत असे होते, की हा वेग मोजण्याचे साधन माणसाला बहुधा कधीच मिळणार नाही. पण त्यांचेच शिष्य हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८४९-५० मध्ये कोनिग्सबर्ग येथे बेडकाच्या पायाचा स्नायू व त्याचा मज्जातंतू घेऊन तो मोजून दाखविला.

त्यांची युक्ती पाहण्यासारखी आहे. मज्जातंतूला विजेचा धक्का बसताच गॅल्व्हानोमीटरमधून प्रवाह सुरू होई आणि स्नायू आकसताच तो खंडित होई. प्रवाह जितका जास्त वेळ वाहील, तितका गॅल्व्हानोमीटरच्या चुंबकाला मोठा झोका बसे. झोक्यावरून वेळ काढता येई.

पण या वेळात केवळ संदेशाचा प्रवास नव्हता. स्नायूला आकसण्यास लागणारा वेळही त्यात मिसळलेला होता. तो वेगळा कसा काढायचा? हेल्महोल्ट्झ यांनी मज्जातंतूला प्रथम स्नायूच्या जवळ आणि नंतर दूर, अशा दोन ठिकाणी धक्के दिले. स्नायूचा स्वतःचा वेळ दोन्ही वेळा सारखाच. म्हणून एक वाचन दुसऱ्यातून वजा करताच तो नाहीसा झाला आणि उरला फक्त दोन ठिकाणांमधील प्रवासाचा वेळ! वेग आला सेकंदाला सुमारे २७ मीटर. हवेतील ध्वनीच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

रुग्णालयात हेच गणित

आज रुग्णालयात 'नर्व्ह कंडक्शन' चाचणी करतात, ती याच वजाबाकीवर उभी आहे. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या फुगीर स्नायूवर धातूची छोटी चकती चिकटवतात. मग मनगटाशी मज्जातंतूला विजेचा हलका, क्षणिक धक्का देतात. अंगठा टचकन हलतो आणि पडद्यावर एक लाट उमटते. पुढचा धक्का कोपरापाशी. पुन्हा तशीच लाट, पण थोडी उशिरा.

एक उदाहरण सोडवू. मनगटापासून लाट येण्यास ३.५ मिलिसेकंद लागले, कोपरापासून ७.५ मिलिसेकंद. फरक ४ मिलिसेकंद. दोन ठिकाणांमधील अंतर टेपने मोजले, ते २२ सेंटिमीटर भरले. म्हणून

वेग = ०.२२ मीटर ÷ ०.००४ सेकंद = ५५ मीटर प्रतिसेकंद.

निरोगी प्रौढ माणसाच्या हातात हा वेग साधारणपणे ५० च्या वर, तर पायात ४० च्या वर असतो. हात गार असेल, तर मात्र फसगत होते. तापमान एका अंशाने उतरले, की वेग सुमारे २ मीटरने घटतो. म्हणून गारठलेला हात आधी ऊबदार करून घेतात.

वेग आणि उंची

लाटेतून दोन गोष्टी वाचायच्या असतात. मज्जातंतू हा एकच धागा नसून हजारो सूक्ष्म तंतूंची जुडी असते. जाड तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध द्रव्याचे तुकड्यातुकड्यांचे आवरण असते. संदेश त्यातील फटींवरून उड्या मारीत जातो, म्हणून वेग वाढतो. आवरण नसलेल्या बारीक तंतूंत तो सेकंदाला एखादा मीटर इतका कमी असतो.

आता विचार करा. आवरण झिजले तर काय होईल? संदेश पोचेल, पण उशिरा. वेग घटेल. याउलट, आवरण ठीक असून आतले पुष्कळ तंतूच मेले तर? उरलेले तंतू संदेश वेळेवर पोचवतील. पण स्नायूचे थोडेच धागे आकसतील, म्हणून लाट बुटकी होईल. वेग घटला की आवरणाकडे पाहावे, उंची घटली की तंतूंकडे, असा हा ढोबळ नियम आहे.

याचे महत्त्व महाराष्ट्राला जानेवारी २०२५ मध्ये फार जवळून कळले. पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्त्याच्या परिसरात, 'गुलेन-बॅरे सिंड्रोम' अर्थात 'जीबीएस'चे रुग्ण अचानक वाढले. पुढील काही आठवड्यांत दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित अन्नपाण्यातून पसरणारा जिवाणू आढळला. जंतूंशी लढण्यासाठी तयार झालेली शरीराची संरक्षक यंत्रणा या विकारात चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. काही रुग्णांत आवरणावर, तर काहींत प्रत्यक्ष तंतूवर. पायांतून वर चढत जाणारा अशक्तपणा श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचला, तर जीव धोक्यात येतो. हल्ला कशावर झाला आहे, हे या चाचणीवरून कळू शकते. मात्र पहिल्या काही दिवसांत चाचणी निर्दोष दिसू शकते. म्हणून डॉक्टर केवळ तिच्यासाठी उपचार थांबवीत नाहीत, गरज पडल्यास ती पुन्हा करतात. बहुतेक रुग्ण हळूहळू बरे होतात.

स्नायूचा आवाज

दोष स्नायूत आहे का, हे पाहण्यासाठी दुसरी चाचणी असते, 'ईएमजी'. तिच्यात एक बारीक सुई स्नायूत घालून तेथील विद्युत्‌दाब मोजतात. या कामाची सुई एड्रियन व ब्रॉन्क यांनी १९२९ मध्ये वापरात आणली. विद्युत्‌दाबातील बदल ध्वनिवर्धकाला जोडलेले असतात, त्यामुळे डॉक्टर पडदा पाहतात आणि कानही देतात. निरोगी स्नायू विश्रांतीत असताना जवळजवळ शांत असतो. मज्जातंतूशी नाते तुटलेला स्नायू मात्र, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, स्वतःहून टपटप आवाज करू लागतो. पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा! रुग्णाने स्नायू आवळला, की दिसणाऱ्या लाटाही बोलक्या असतात. स्नायूचाच विकार असेल, तर त्या बहुधा छोट्या व आखूड असतात. मज्जातंतूचा जुना विकार असेल, तर वाचलेले तंतू शेजारच्या पोरक्या धाग्यांनाही दत्तक घेतात, त्यामुळे लाटा मोठ्या होतात.

करून पाहा

हेल्महोल्ट्झ यांची वजाबाकी वर्गातही करता येते, आणि तीही विजेच्या धक्क्याशिवाय. वीस जणांनी गोल करून, डोळे मिटून बसावे. प्रत्येकाने एका हाताने पुढच्याचा खांदा धरावा. पहिल्याने थांबघड्याळ सुरू करून पुढच्याचा खांदा दाबावा. दाब जाणवताच त्याने त्याच्या पुढच्याचा. फेरी पुरी होऊन पहिल्याचा खांदा दाबला गेला, की त्याने घड्याळ थांबवावे. नंतर हेच खांद्याऐवजी घोटा धरून करावे. विचार करण्याचा आणि हात दाबण्याचा वेळ दोन्ही फेऱ्यांत जवळजवळ सारखा. म्हणून तो वजाबाकीत जाईल. घोट्यापासून संदेशाला खांद्यापेक्षा सुमारे एक मीटर जास्त धावावे लागते, म्हणजे वीस जणांचे वीस मीटर. वेळेतील फरक ०.४ सेकंद आला, तर वेग किती?

एक काळजी घ्या. सरावाने हात चपळ होतात. म्हणून आधी सर्व फेऱ्या खांद्याच्या आणि मग सर्व घोट्याच्या असे करू नका. एक खांद्याची, एक घोट्याची, अशा आलटून पालटून निदान दहा-दहा फेऱ्या घ्या आणि मगच सरासरी काढा.