उपाशी मन आणि आवेगाची लाट

सोलापुरातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. कॉलेजात जाणारी मुलगी दिवसभर ‘भूक नाही’ म्हणते. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, एकादशी घरोघरी. ताट परत गेलं तरी ‘उपवास असेल’ म्हणून कुणी विचारत नाही. रात्री मात्र ती कडक भाकरी, शेंगाचटणी, डब्यात असेल ते खात सुटते. थांबावंसं वाटतं, पण थांबता येत नाही. मग लाज अनावर होते आणि त्या भरात ती स्वतःला इजा करून घेते.

हे नाटक नव्हे. २०१६ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात खाण्याचे विकार असलेल्या सुमारे २७ टक्के रुग्णांनी मरण्याचा हेतू नसताना कधी ना कधी स्वतःला इजा केल्याचं दिसलं. खा-खा आणि उलट्यांच्या बुलिमियात हे प्रमाण सुमारे ३३ टक्के, तर अन्न तोडणाऱ्या अ‍ॅनोरेक्सियात २२ टक्के होतं.

बुलिमियात जास्त का? उतावळेपणा हे एक उत्तर, पण त्याचेही प्रकार असतात. थरार हवा असणं वेगळं, पुढचा विचार न करणं वेगळं. इथे महत्त्वाची ठरते ती मनाची निकड: दुःख, राग, लाज असह्य झाली की ती या क्षणी थांबवण्यासाठी हाताशी येईल ते करणं. खाण्याने काही मिनिटं मन बधिर होतं, इजेनेही होतं. ती सुटका मेंदू पटकन शिकतो. मागून येणारी शरम उशिरा येते, म्हणून ती सवय मोडू शकत नाही. उलट पुढच्या लाटेला तीच कारण होते.

यात भूक तेल ओतते. अमेरिकेत मिनेसोटा इथे १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते चिडचिडे, उदास झाले, त्यांना अन्नाचाच ध्यास लागला. मुळात निरोगी माणसं ती!

अ‍ॅनोरेक्सियात अनेकदा उलटं असतं. तिथे आवेगापेक्षा ताबाच जास्त, आणि इजा म्हणजे स्वतःला ठरवून दिलेली शिक्षा. म्हणून ‘मनावर ताबा ठेव’ हा सल्ला मला दोन्ही आजारांसाठी चुकीचा वाटतो.

उपचाराची सुरुवात वेळेवर खाण्यापासून होते, दर तीन-चार तासांनी. मग लाट ओसरेपर्यंत तग धरण्याची कौशल्यं शिकवतात. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही उपचारपद्धती त्यासाठीच आहे. इजेमागे मरण्याचा हेतू नसला तरी पुढे आत्महत्येचा धोका वाढतो, त्यामुळे थांबून पाहू नये. ‘स्वतःला त्रास करून घेतेस का गं?’ असं शांतपणे विचारल्याने डोक्यात नवं काही शिरत नाही. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. १४४१६ ही टेलिमानस सेवा मोफत आहे, तिथे रात्रीही मराठीतून बोलता येतं. उलट्या होत असतील तर रक्तातलं पोटॅशियमही तपासून घ्यावं, ते घसरलं तर हृदयाला धोका असतो. आणि पुढच्या एकादशीला तिच्या ताटात रोजचं जेवण वाढावं.