कापाचा वेग आणि हत्याराचे आयुष्य

लोखंडी दांडा लेथवर चढवून कातावयास घेतला म्हणजे टर्नरपुढे दोन प्रश्न उभे राहतात. दांड्याने मिनिटाला किती फेरे घ्यावेत, आणि प्रत्येक फेऱ्यागणिक हत्याराने किती पुढे सरकावे? पहिल्यावर कापाचा वेग अवलंबून असतो. दुसऱ्याला कारखान्यात फीड म्हणतात. उत्तरे चुकली तर एक तर वेळ वाया जातो, नाहीतर हत्यार जळते.

कापाचा वेग म्हणजे एका मिनिटात हत्याराच्या धारेखालून जाणारी धातूची लांबी. साध्या मऊ पोलादावर हायस्पीड स्टीलच्या हत्याराने मिनिटाला ३० मीटर वेग धरला आणि दांड्याचा व्यास ५० मिलिमीटर असला, तर ३०,००० मिलिमीटरांस परिघाने, म्हणजे सुमारे १५७ ने, भागावे. उत्तर येते १९१ फेरे. दांडा २५ मिलिमीटरचा असता तर त्याच वेगासाठी ३८२ फेरे लागले असते. आता ५० मिलिमीटरच्या दांड्यावर फीडचे माप फेऱ्यामागे ०.२ मिलिमीटर ठेवले, तर हत्यार मिनिटाला सुमारे ३८ मिलिमीटर सरकते आणि १५० मिलिमीटर लांबीचा काप चार मिनिटांत पुरा होतो. हे माप दुप्पट केल्यास वेळ निम्मा होईल. परंतु पृष्ठभागावर उमटणाऱ्या वरंब्यांची उंची जवळजवळ चौपट होईल. म्हणूनच प्रारंभीच्या ओबडधोबड कामास मोठे फीड आणि अखेरच्या सफाईस बारीक फीड देण्याची रीत आहे.

परंतु मुळात तो ३० मीटर वेग कशावरून ठरवावयाचा? या प्रश्नाचा पद्धतशीर शोध अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी घेतला. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात १८८० साली आरंभिलेले त्यांचे प्रयोग निरनिराळ्या कारखान्यांत सुमारे सव्वीस वर्षे चालले. त्यांत आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड व पोलाद किसात गेले. १९०६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील मुख्य गोष्ट अशी की, वेग थोडा वाढला तरी हत्याराचे आयुष्य फार झपाट्याने घटते. हायस्पीड स्टीलचे जे हत्यार एका वेगाने ६० मिनिटे टिकते, तेच वेग एक-पंचमांशाने वाढविल्यास सुमारे १४ मिनिटांत बोथट होते. उलट वेग एक-दशांशाने उतरविल्यास आयुष्य दुपटीहून अधिक वाढते.

मग वेग कमी ठेवणे हीच काटकसर नव्हे काय? येथेच पुष्कळांची फसगत होते. हत्यार वाचते, पण यंत्राचे भाडे, वीज आणि मजुरी यांचा खर्च मिनिटागणिक चढत असतो. म्हणून आधी वेग न ठरवता आयुष्य ठरवावे. हत्यार बदलण्यास ४ मिनिटे जात असतील आणि त्याला धार लावण्याचा खर्च यंत्राच्या ५ मिनिटांच्या खर्चाइतका असेल, तर एकंदर ९ मिनिटे झाली. हायस्पीड स्टीलच्या बाबतीत यास सुमारे सातने गुणावे. हत्यार तासाभरात बोथट व्हावे, इतका वेग या कामाला सर्वांत स्वस्त पडेल. कार्बाइडच्या हत्यारास गुणक सुमारे तीनच धरतात. म्हणून ते चटकन बदलता येत असल्यास अधिक जोराने चालविणे परवडते.

तेव्हा 'आमचे हत्यार दिवसभर टिकते' हा अभिमान नेहमीच हिताचा असतो असे नाही. नगामागे दर ठरवून काम घेणाऱ्या लहान कारखानदाराचा नफा कित्येकदा याच अभिमानात गडप होतो. तक्त्यातील आकडा हा केवळ आरंभ होय. जुना लेथ थरथरू लागला, किंवा हायस्पीड स्टीलच्या धारेवरून सुटणारा कीस निळा पडू लागला, तर वेग उतरविला पाहिजे, आणि ती खूण प्रथम ओळखतो तो यंत्रापाशी उभा असलेला टर्नरच.