बोकडाची तपासणी सुरू होते गोठ्यात
लेखमाला : गोठा ते ताट (भाग सहावा)

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि जानेवारी उजाडताच निदान कळलं : एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. त्यांना खायला घातलेल्या कोंबडीच्या मांसातून विषाणू आला असावा, असा संशय तेव्हाच व्यक्त झाला. मांस कुठून आलं, ते जनावर जिवंत असताना कसं होतं, हे विचारण्याची गरज यापेक्षा ठळकपणे सांगणारी घटना आपल्या शहरात अलीकडे घडलेली नाही.

मागच्या भागात आपण परवाने पाहिले. दिवसाला दहापर्यंत शेळ्या-मेंढ्या किंवा पन्नासपर्यंत कोंबड्या कापणाऱ्याला अन्नसुरक्षेच्या २०११ च्या विनियमांखाली नोंदणी लागते आणि त्यापुढे परवाना, एवढं लक्षात असलं तरी पुरे. आज प्रत्यक्ष तपासणीकडे वळू.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली २००१ मध्ये कत्तलखान्यांचे नियम आले. नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापायचं नाही. गाभण मादी, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू किंवा एवढं लहान पिल्लू असलेली आई कापायची नाही. पशुवैद्यकाने योग्य ठरवल्याचा दाखला हवा. या नियमांत एक आकडा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. एका डॉक्टरने तासाला बारापेक्षा जास्त आणि दिवसाला शहाण्णवपेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. म्हणजे एका बोकडाला मिळतात पाच मिनिटं. नियम करणाऱ्यांनी घाईला लगाम घातला, हे चांगलंच झालं. पण पाच मिनिटांत डॉक्टरला चाल दिसते, नाकातोंडातला स्राव दिसतो, ताप मोजता येतो. मागच्या आठवड्यात त्या बोकडाला कोणती सुई टोचली होती, ते दिसत नाही.

कापल्यानंतरची तपासणी बारकाईची असते. फुप्फुसं हाताने चाचपायची, लसिका ग्रंथींना छेद देऊन बघायच्या, कलेजी उलटसुलट करायची. निरोगी कलेजी मऊ, तुकतुकीत, कडा पातळ. पर्णकृमी झालेल्या जनावराची कलेजी हातालाच कळते. पित्तनलिका जाड आणि कडक झालेल्या असतात, सुरी लावताना करकर जाणवते आणि दाबलं की चपटे, पानाच्या आकाराचे कृमी बाहेर येतात. हे कृमी तळ्याकाठच्या गोगलगायींच्या मार्फत पसरतात. काठावरचं ओलं गवत खाणाऱ्या कळपात ते येणारच. मग कलेजी टाकून द्यावी लागते.

फुप्फुसात किंवा कलेजीत कधी पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी सापडतात. या हायडॅटिड गाठी, कुत्र्याच्या पोटातल्या एका लहानशा फीतकृमीची अळी-अवस्था. अशी गाठ असलेलं फुप्फुस कुणी कुत्र्यापुढे फेकलं की कुत्र्याच्या आतड्यात कृमी वाढतात, विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, ती गवतावर आणि पाण्यात जातात आणि माणसाच्या हातालाही लागतात. माणसाला ही गाठ मटण खाऊन होत नाही, या अंड्यांमुळे होते आणि ती काढायला अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. गावात घरगुती कार्यक्रमाला बोकड कापला की आतडी-फुप्फुसं दारातल्या कुत्र्याला घालण्याची सवय आहे. ती मोडणं हे कुठल्याही नियमाइतकंच मोलाचं आहे. टाकाऊ भाग चुना घालून खोल पुरावेत आणि राखणीच्या कुत्र्याला डॉक्टरांना विचारून वेळच्या वेळी जंताचं औषध द्यावं.

आता औषधांचं. प्रत्येक औषधाला एक वर्ज्य काळ असतो, दुकानदार त्याला विड्रॉल पिरियड म्हणतात. शेवटचा डोस दिल्यापासून तेवढे दिवस जनावर कापायला द्यायचं नाही. समजा बाटलीवर २८ दिवस लिहिले आहेत आणि सुई १ मार्चला दिली, तर २९ मार्चच्या आत ते जनावर बाजारात न्यायचं नाही. शिजवल्याने जंतू मरतात, पण औषधाचे सगळे अंश जातील याची खात्री नसते. सरकारने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली, २०२५ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटावर. अडचण अशी की धुळवडीला किंवा बकरी ईदला भाव चढतो, त्याच सुमारास बोकड आजारी पडला तर शेतकऱ्यापुढे पैसा आणि वर्ज्य काळ असे दोन्ही उभे राहतात. त्याला दोष देऊन भागणार नाही. मुळात किती जणांना हा काळ कुणी समजावून सांगितला आहे?

सांगणारे नागपुरात आहेत. १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सला आहे, महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय याच शहरात आहे, ॲग्रोव्हिजन या कृषी प्रदर्शनात दरवर्षी शेतकऱ्यांच्या कार्यशाळा होतात. शेळीपालनाच्या अशा सत्रांत बहुतेक प्रश्न येतात ते राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या पन्नास टक्के अनुदानाचे, जातीचे, शेडच्या मापांचे. तेही हवेच. पण वर्ज्य काळ शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. माझी आग्रहाची मागणी आहे की फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवलेली कृमीग्रस्त कलेजी पहिल्याच तासाला टेबलावर यावी. ती पाहिलेला शेतकरी तळ्याकाठी बकऱ्या सोडताना थबकेल.

मोठी उणीव आणखी वेगळी आहे. कत्तलखान्यात गाठ सापडली हे बोकड वाढवणाऱ्याला कधीच कळत नाही. काटोल किंवा रामटेककडचा शेतकरी व्यापाऱ्याला बोकड विकतो, तो व्यापारी दुसऱ्याला, मग बोकड मोमिनपुऱ्याच्या बाजारात. तिकडे कलेजी फेकली जाते, इकडे त्याच काठावर पुढचा कळप चरत राहतो. ही साखळी जोडायचं साधन आता हाताशी आहे. कानातला बारा आकडी बिल्ला. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे. त्या क्रमांकावर लसीकरणाची नोंद होते, तशी कत्तलीनंतरच्या तपासणीची नोंद झाली आणि मालकाच्या मोबाइलवर एक ओळीचा संदेश गेला, तर महापालिकेच्या डॉक्टरचं निरीक्षण पुन्हा गोठ्यात पोहोचेल. यासाठी नवा कायदा लागत नाही.

तोवर शेतकऱ्याने निदान एक वही ठेवावी. बिल्ल्याचा क्रमांक, औषधाचं नाव, दिल्याची तारीख, कधीपर्यंत विकायचं नाही ती तारीख. चार रकाने पुरेत. व्यापारी वही मागणार नाही, तरी ठेवावी. पुढच्या कार्यशाळेला जाताना ती सोबत न्यावी आणि बाटलीवरची बारीक इंग्रजी अक्षरं डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्यावीत.

पुढच्या भागात : परसातली कोंबडी आणि बर्ड फ्लूच्या दिवसांतली खबरदारी.