दाढीपूर्वी तेल : थोडे लावा, पण समजून लावा

केशकर्तनाच्या धंद्यात आपले सलमानी बांधव पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आता शहरांतील वातानुकूलित सलूनमध्ये ‘प्री-शेव्ह ऑइल’ या नावाने दाढीपूर्वी तेल लावण्याची पद्धत आली आहे. त्या लहानशा बाटलीत पुष्कळदा एरंडेल, जैतून, बदाम अशीच तेले असतात. मग ही सेवा साध्या दुकानात देता येईल का? जरूर येईल. मात्र तेलाचे नेमके काम काय, हे कारागिराला ठाऊक हवे. नाहीतर गिऱ्हाईक खूश होण्याऐवजी चेहऱ्यावर फोड्या घेऊन परत येईल.

केस मऊ होतो पाण्याने

तेलाने दाढी मऊ होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. केस पाणी शोषून फुगतो व मऊ होतो, आणि मग तो कापायला कमी जोर लागतो. कोमट पाण्याने हे काम दोन-तीन मिनिटांत होते. तेल दुसरे काम करते. पाते कातडीवरून सहज सरकवते आणि केसांतील पाणी लवकर उडू देत नाही. कोरड्या दाढीवर आधीच तेल चोपडले, तर पाण्याच्या वाटेत अडथळाच येतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम चेहरा साबणाने धुवावा. कोमट पाण्यात पिळलेला स्वच्छ टॉवेल दोन-तीन मिनिटे ठेवावा. त्वचा ओलसर असतानाच चार-पाच थेंब तेल हातावर चोळून लावावे आणि मग फेस करावा. तेल जास्त झाले तर फेस टिकत नाही.

कोणते तेल घ्यावे?

कोकणात घरोघरी खोबरेल असते. ते हलके असते, पण साधारण २४ अंशांखाली गोठते. थंडीत बाटली कोमट पाण्यात ठेवावी लागते. चेहऱ्यावर मुरमे येणाऱ्या तरुणांना खोबरेल टाळावे, त्याने रंध्रे बुजू शकतात. तिळाचे व सूर्यफुलाचे तेलही चालते. एरंडेल फार चिकट असते, म्हणून ते दुसऱ्या तेलात थोडेसेच मिसळावे. मोहरीचे तेल मात्र वस्तऱ्याखाली वापरू नये. त्यातील झणझणीत अंश ताज्या कातरलेल्या त्वचेची आग करतो. जैतूनविषयी आपल्या मनात आदर आहेच, पण त्या महाग तेलाने दाढी अधिक गुळगुळीत होते असे नाही. इसब किंवा कोंड्याचा त्रास असणाऱ्यांना ते चेहऱ्यावर लावू नये. सुगंधी केशतेल, खवट झालेले तेल आणि तळणाचे उरलेले तेल यांना तर हातही लावू नये.

नवीन गिऱ्हाइकाला आधी विचारावे की कोणत्या तेलाचा त्रास होतो का. शंका असल्यास कोपराच्या आतल्या बाजूस थेंबभर लावून दुसऱ्या दिवशी पाहावे.

रेघ कोरताना खरा उपयोग

आपल्याकडे पुष्कळ गिऱ्हाइके दाढी राखणारी. त्यांना गालावरची व मानेवरची रेघ तेवढी कोरून हवी असते. फेसाखाली ही रेघ झाकली जाते आणि एखाद्या वेळी हात आत जातो. एकदा गेलेली रेघ भरून यायला आठवडे लागतात. तेल पारदर्शक असल्याने रेघ स्पष्ट दिसते. अशा कामाला ओलसर त्वचेवर नुसते तेलही पुरते. वस्तरा केसांच्या दिशेनेच चालवावा. उलटा हात मारल्याने, विशेषतः कुरळ्या केसांत, केस आत वळून फोडी येते.

बाटली आणि पाते

वाटीत बोटे बुडवून सर्वांना तेच तेल लावणे धोक्याचे आहे. नळीच्या किंवा पंपाच्या बाटलीतून थेंब काढावेत. प्रत्येकासाठी नवे पाते, धुतलेला टॉवेल व निर्जंतुक केलेला वस्तरा हवाच. रक्ताचा अंश लागलेल्या पात्यातून हेपटायटिस बी व सी पसरू शकतात. तेलाने हात व मूठ निसरडी होते, तेव्हा वस्तरा धरण्यापूर्वी हात पुसावेत.

हिशेब

एका दाढीला पाव मिलिलिटर तेल धरले, तर १०० मिलिलिटरच्या बाटलीत ४०० दाढ्या होतात. म्हणजे बाटली २०० रुपयांची असली, तरी दाढीमागे खर्च आठ आणे. खरा खर्च दोन-तीन मिनिटांच्या वेळेचा व टॉवेल धुण्याचा आहे. दर ठरवताना तोच धरावा, आणि तेल कोणते ते गिऱ्हाइकाला खरे सांगावे. साधे खोबरेल लावून बदामाचे पैसे घेण्यात बरकत नाही.

एक इशारा. दुकानात तेल लावणे वेगळे आणि ते बाटलीत भरून दाढीचे तेल म्हणून विकणे वेगळे. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचे तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार परवाना लागतो. तो घेतल्याशिवाय या विक्रीत पडू नये.

भपकेदार सलूनशी आरशांची व दिव्यांची स्पर्धा करणे छोट्या दुकानदाराला परवडणारे नाही. पण कोमट पाणी, चार थेंब चांगले तेल, नवे पाते आणि हलका हात एवढे कोणत्याही दुकानात देता येते. ज्या खुर्चीतून उठताना गाल झोंबत नाही, त्याच खुर्चीकडे गिऱ्हाईक इन्शा अल्लाह पुन्हा वळेल.