रुसलेल्या फोनची समजूत

घरातली वस्तू अडली की तिचं कारण बाईला बहुधा ठाऊक असतं. कुकरची शिट्टी होईना, तर रिंग पाहायची. मिक्सर फिरेना, तर भांडं नीट बसलंय का ते पाहून खालचं लाल बटण दाबायचं. गॅसची ज्योत पिवळी दिसू लागली, की बर्नर घासायचा. हे आपल्याला कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नसतं. एकेक कारण तपासत जायची सवयच हाताला लागलेली असते. तीच बाई मोबाईलवर अ‍ॅप उतरेना, की मात्र एकदम हात टेकते. “मले नाही समजत बाई ह्यातलं,” म्हणते आणि फोन मुलाच्या, नवऱ्याच्या, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या हाती देऊन मोकळी होते.

मी चिखलीत दुपारचे तीन तास शाळेत मराठी शिकवते. यंत्राशी माझं नातं तुमच्याइतकंच. पण शाळेतल्या मदतनीस बाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत अनेकींचे फोन हाताळून माझी एक खात्री झाली आहे. फोन ‘नाही’ म्हणतो, तो पाच-सहा कारणांनीच. ती ओळीनं तपासली तर दहातली आठ कामं घरच्या घरी होतात.

हे शिकायचं कशासाठी?

अ‍ॅप ही नुसती हौसेची गोष्ट असती, तर मीही म्हटलं असतं, जाऊ द्या. पण आता रेशन, बँक, पीकविमा, मुलांचे दाखले, सगळ्यांची वाट त्या चिमुकल्या चौकोनातून जाते. जुलै २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले. दरमहा दीड हजार रुपयांचा प्रश्न होता आणि अर्ज भरायची एक वाट होती ‘नारीशक्ती दूत’ हे अ‍ॅप. त्या दिवसांत कुणाच्या फोनात ते उतरेना, कुणाला कोड येईना, कुणाचा फोटो चढेना. राज्यभरातून एकदम गर्दी झाल्यामुळे बऱ्याचदा अडचण पलीकडच्या यंत्रणेचीच असे. पण कितीतरी जणींना वाटलं, आपल्यालाच येत नाही!

आपल्याकडे बायकांना असं वाटून घ्यायची फार सवय आहे. म्हणून अंगणवाडी सेविकांची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. २०१९ च्या सुमारास राज्यातल्या सेविकांना कामासाठी सरकारी मोबाईल मिळाले. त्यांची रॅम होती अवघी दोन जीबी. २०२१ मध्ये केंद्राचं ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅप आलं. त्या फोनांना ते पेलवेना. फोन तापत, अडकत, जागा पुरत नसे, आणि अ‍ॅपमधली भाषा इंग्रजी. ‘तुम्हाला शिकायला नको’ असं म्हणून घेण्याऐवजी त्या वर्षी ऑगस्टपासून राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत करायला सुरुवात केली. दोष हत्याराचा आहे, हाताचा नाही, हे त्यांनी ठामपणे सांगितलं. आपणही फोन अडला की आधी स्वतःला दोष न देता कारण शोधावं.

पहिलं कारण : जागा

निम्म्या तक्रारी इथेच संपतात. फोनमध्ये जागा नसली तर अ‍ॅप येणार कुठून? किलोभर पीठ मळायचं तर किलोभराच्याच परातीत मळता येत नाही, हात फिरवायला जागा लागते. अ‍ॅपचंही तसंच. पन्नास एमबीचं अ‍ॅप फोनात आल्यावर उलगडतं, म्हणून पन्नासच एमबी रिकामी असून भागत नाही. निदान एक जीबी मोकळी असू द्यावी. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘स्टोरेज’ उघडलं, की किती भरलं आणि कशानं भरलं ते दिसतं.

आणि भरलेलं असतं कशानं? देवांच्या फोटोंनी, फुलांच्या ‘शुभ सकाळ’नी आणि वाढदिवसांच्या व्हिडिओंनी! हसू नका. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या वृत्तपत्रानं भारतीयांच्या ‘गुड मॉर्निंग’ संदेशांवर चक्क लेख छापला होता. इथले फोन इतके कशानं तुंबतात याचा शोध गुगलच्या लोकांनी घेतला, तेव्हा ही सुप्रभातं सापडली!

व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. मोठमोठे व्हिडिओ वरच दिसतील. नको ते पुसा. तिथेच फोटो-व्हिडिओ आपोआप उतरून घेणं बंद करता येतं, तेही करून टाका. गॅलरीतून पुसलेले फोटो बऱ्याच फोनांत काही दिवस ‘ट्रॅश’मध्ये पडून राहतात आणि जागा अडवतात, तेवढी कचरापेटीही रिकामी करावी. घरच्या माणसांचे, लग्नाकार्याचे फोटो मात्र आधी दुसरीकडे उतरवून ठेवल्याशिवाय पुसू नयेत.

दुसरं : नुसतं गोल फिरतंय

‘डाउनलोड पेंडिंग’ असं लिहून चक्र फिरत राहिलं, तर बहुधा फोन दुसऱ्याच कामात गुंतलेला असतो. जुनी पंधरा अ‍ॅप्स अद्ययावत करायची रांग लागलेली असते आणि आपलं नवं अ‍ॅप रांगेच्या शेवटी उभं. प्ले स्टोअरमध्ये वर उजव्या हाताला आपल्या नावाचं गोल चिन्ह असतं. ते दाबून ‘मॅनेज अ‍ॅप्स अँड डिव्हाइस’मध्ये जा आणि बाकीची कामं थांबवा. तिथल्याच ‘सेटिंग्ज’मध्ये ‘फक्त वाय-फायवर’ अशी निवड तर नाही ना, तेही पाहा. घरी वाय-फाय नसेल, तर फोन त्याची वाट पाहत जन्मभर बसून राहील!

तरीही हलेना, तर फोन एकदा बंद करून सुरू करा. मग फोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अ‍ॅप्स’, त्यात ‘गुगल प्ले स्टोअर’, त्यात ‘स्टोरेज’ आणि तिथे ‘क्लिअर कॅशे’. कॅशे म्हणजे डब्याच्या कडेला चिकटलेलं जुनं पीठ. ते पुसलं तर काही बिघडत नाही. शेजारीच ‘क्लिअर डेटा’ असतं. तो म्हणजे अख्खा डबा पालथा घालणं. प्ले स्टोअरचा तो केला तरी आपली बाकीची अ‍ॅप्स जात नाहीत, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत ते बटण चुकूनही दाबू नका. सगळ्या गप्पा फोनातून पुसल्या जातील.

तिसरं : खातं कुणाचं?

अँड्रॉइड फोनच्या प्ले स्टोअरला गुगलचं खातं लागतं, आणि मैत्रिणींनो, खरी मेख इथे आहे. फोन आपला, सिम आपलं, पण खातं असतं पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाचं, नाहीतर ज्या दुकानातून फोन घेतला तिथल्या पोराच्या डोक्यातून आलेलं. एके दिवशी फोन म्हणतो, ‘पासवर्ड द्या.’ मुलगा कॉलेजात, दुकानातला पोरगा दुसरीकडे नोकरीला! आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचा फोन या एका कारणानं तीन आठवडे नवं अ‍ॅप घेत नव्हता.

घर नावावर असण्या-नसण्याचं महत्त्व आपल्याला कळतं, तसंच हे समजा. खातं स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या मोबाईल नंबरशी जोडलेलं असावं. पासवर्ड स्वतः ठरवावा आणि सुरुवातीला लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून रेशनकार्डाशेजारी कपाटात ठेवावा. (बँकेचा पिन मात्र कुठेच लिहायचा नाही.) मुलांची मदत जरूर घ्या, फक्त बटणं तुमच्या बोटांनी दाबा. पोळ्या शिकवताना आपण लाटणं मुलीच्याच हातात देतो ना?

चौथं : तारीख, वय आणि जोडीदार

बॅटरी पार उतरून फोन बंद पडला होता का? कधी कधी त्यानंतर तारीख चुकीची होते. प्ले स्टोअरशी बोलताना फोन पलीकडच्याचं ओळखपत्र तपासतो, आणि त्यावर मुदत असते. फोनच्या लेखी २०१५ साल चालू असेल, तर खरं ओळखपत्रही त्याला खोटं वाटतं. ‘सेटिंग्ज’मध्ये तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा, काम होतं.

‘हे अ‍ॅप तुमच्या फोनसाठी नाही’ असा निरोप आला, तर वय पाहा. तुमचं नव्हे, फोनचं! ‘अबाउट फोन’मध्ये अँड्रॉइडचा क्रमांक असतो. जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सअ‍ॅपनंही अँड्रॉइड ४.४ आणि त्याहून जुन्या फोनांना रामराम केला. फोनचं ‘सिस्टीम अपडेट’ आलेलं असेल तर घ्यावं. ते येतच नसेल, तर फोन पिकला असं समजावं आणि ते काम घरातल्या दुसऱ्या फोनवर करावं.

काही अ‍ॅप्स तर जोडीनंच चालतात. रेशनकार्डाचं ई-केवायसी घरून करायचं, तर ‘मेरा ई-केवायसी’बरोबर ‘आधार फेस आरडी’ हेही लागतं. पाटा आहे पण वरवंटा नाही, तर वाटण होणार कसं? आणि गंमत अशी, की हे दुसरं अ‍ॅप बसवल्यावर इतर अ‍ॅप्ससारखं त्याचं चिन्ह दिसत नाही. ते पडद्याआडून काम करतं. त्यामुळे बायका ‘आलंच नाही’ म्हणून पुन्हा पुन्हा उतरवत बसतात. प्ले स्टोअर ‘अनइन्स्टॉल’ असं दाखवत असेल, तर ते फोनात बसलेलं आहे, निर्धास्त राहा.

ज्यांची शेती आहे त्यांच्यासाठी आणखी एक. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन-कपाशीची नोंद करायला घरचे शेतात जातात आणि धुऱ्यावर उभं राहून, नेटवर्क नसताना अ‍ॅप उतरवू पाहतात. हंगाम आला की निघण्याआधी घरीच नवी आवृत्ती घेऊन ठेवायची, हे काम आपण आपल्याकडे घ्यावं. डबा बांधून देतो, तसंच हे.

आडवाटेनं जाऊ नका

आता सर्वांत महत्त्वाचं. अ‍ॅप उतरेना म्हणून माणूस वैतागलेला असतो, आणि नेमक्या त्या वेळी कुणीतरी म्हणतं, “थांबा, मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, डायरेक्ट टाका.” अशी फाइल येते तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. तीच ती आडवाट. गेल्या काही वर्षांत ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’, इतकंच काय ‘लग्नपत्रिका’ या नावानंही अशा फायली फिरल्या आणि उघडणाऱ्यांची खाती रिकामी झाली. लग्नसराईत ओळखीच्या नंबरावरून पत्रिका आली तर कुणाला संशय येणार? पण त्या ओळखीच्याचा फोनही आधीच बाधित झालेला असू शकतो.

ती फाइल काय करते, तर बसताक्षणी तुमचे एसएमएस वाचायची परवानगी मागते. ती दिली, की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराला कळतो. म्हणून फोननं ‘अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप बसवू का?’ असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं : नाही. तो फोनचा आडमुठेपणा नव्हे, राखणदारी आहे. तसंच ‘ताई, मी फोनवरूनच दुरुस्त करून देतो, हे अ‍ॅप घ्या’ म्हणून स्वतःच्या पडद्यावर तुमचा पडदा पाहू मागणाऱ्याला थारा देऊ नये. अशा अ‍ॅपबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच सावध केलं होतं. लक्षात घ्या, लाडकी बहीणचं २०२५ मधलं ई-केवायसी संकेतस्थळावर होतं. त्यासाठी कोणतीही फाइल फोनात बसवायची नव्हती. योजनेच्या नावानं फाइल आली, तर आधी अंगणवाडी सेविकेला विचारावं. प्ले स्टोअरवरसुद्धा सारख्या नावाची अ‍ॅप्स असतात. नावाखाली बनवणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचूनच पुढे जावं.

चुकून फाइल बसलीच, तर रडत बसू नका आणि घरात बोलणी खावी लागतील म्हणून लपवूही नका. लगेच इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता अधिक. लाजेपायी गेलेला एक तास फार महाग पडतो.

स्वयंपाकघरातल्या भिंतीसाठी

हे सगळं लक्षात कसं ठेवायचं? कॅलेंडरशेजारी एक चिठ्ठी लावा : जागा, नेट, रांग, बंद-चालू, कॅशे, खातं, तारीख, फोनचं वय, जोडीदार. याच क्रमानं तपासा. सगळं करूनही जमेना, तर अडचण पलीकडे आहे असं समजून रात्री उशिरा किंवा पहाटे पुन्हा प्रयत्न करा. तेव्हा गर्दी कमी असते. दुसऱ्याकडे जावंच लागलं, तर फोनवर आलेला निरोप कागदावर जसाच्या तसा उतरवून न्या. ‘चालत नाही’ असं सांगण्यापेक्षा त्या एका ओळीनं काम लवकर होतं, आणि समोरच्यालाही कळतं की बाई पाहून-तपासून आल्या आहेत.

या रविवारी दुपारी अर्धा तास काढा. नवं अ‍ॅप नको असेल तरी स्टोरेज उघडून पाहा आणि खातं कुणाच्या नावाचं आहे ते तपासा. आणि एकदा हाताला आलं, की शेजारणीलाही दाखवा. तिचा फोन स्वतःच्या हातात न घेता, बरं का!