डोळा चुकवून जाऊ नका



कामाला निघताना आपल्यापैकी किती जणी मुलाचा डोळा चुकवून निघतो? 'तो बघ काऊ' म्हणायचं आणि मागच्या दाराने सटकायचं. रडारड टळली, असं वाटतं. आम्हीही हे केलं आहे. पण मूल वळून पाहतं तेव्हा आई नसते. दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून पदर सोडत नाही. आई न्हाणीत गेली तरी दाराशी बसून रडतं. आपण म्हणतो, फार लाडावलंय. खरं तर ते पहारा देत असतं.

आठ-दहा महिन्यांचं मूल आई दिसेनाशी झाली की रडतं, ही वाढीचीच खूण आहे. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचं म्हणणं असं की, भीती वाटली की धावत जायला मुलाला एक खात्रीचं माणूस लागतं. तो भरवसा असला की मूल लांबवर खेळायला जातं. हे माणूस आईच असायला हवं असं नाही. रोज सांभाळणारी आजी, बाबाही चालतात.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात वर्षभराच्या मुलांचं निरीक्षण केलं. आई थोडा वेळ खोलीबाहेर जायची आणि परत यायची. जाताना मूल किती रडलं, यापेक्षा ती परतल्यावर ते काय करतं, याला बाईंनी महत्त्व दिलं. बरीच मुलं बिलगली, शांत झाली, पुन्हा खेळू लागली. काहींनी आईकडे पाहिलंच नाही. काही मात्र कडेवर घेतलं तरी हातपाय झाडत राहिली.

मिनेसोटातल्या संशोधकांनी अशी मुलं सतरा वर्षांची होईपर्यंत पाहिली. १९९७ साली त्यांनी मांडलं की, शांत न होणाऱ्या या मुलांमध्ये पुढे चिंतेचे आजार जास्त आढळले. जास्त, पण सगळ्यांत नाही. मुलाचा मूळ स्वभाव, घरातली भांडणं, आजारपण यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून आईला दोष देत बसू नका.

मग करायचं काय? निघताना सांगून निघा. 'मी कामाला जाते, तू जेवून झोपून उठलास की येते.' दोन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, पण जेवण-झोप कळते. निरोप रोज तसाच आणि छोटा ठेवा. मूल रडेल, सांभाळणारीला त्याला जवळ घ्यायला सांगा. सांगितल्या वेळी या. उशीर झाला तर 'आज उशीर झाला, तू वाट पाहिलीस ना?' एवढं म्हणा. आल्यावर चूल पेटवण्याआधी पाच मिनिटं मांडीवर घ्या. आणि 'ऐकलं नाहीस तर सोडून जाईन' ही धमकी थट्टेतही नको.

मूल शाळेच्या वयाचं झालं, तरी महिनाभर रोज शाळेच्या वेळी पोट दुखतं, एकटं झोपत नाही, आईला काही होईल म्हणून घाबरतं, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तिथे मराठीतूनही बोलता येतं.

सांगून गेलेली आई परत येते, हे मुलाला रोजच्या अनुभवातूनच कळतं. उद्या सकाळी दारातून निघताना एकदा त्याच्यासमोर बसा आणि सांगून निघा.