घाटावरील माकडे

काशीचा अहिल्याबाई घाट दशाश्वमेध घाटापासून जवळच, गंगेच्या वरच्या अंगास आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी तो बांधविला. काशीतील इतर घाटांप्रमाणे येथील उंच भिंती, सज्जे आणि छपरे हीही माकडांची येण्याजाण्याची वाट होय.

महाराष्ट्रातील यात्रेकरूस हे माकड ओळखीचे वाटते. पण ते सह्याद्रीतील माकड नव्हे. आपल्याकडील माकडाच्या डोक्यावर केस मध्यापासून सभोवार पसरून टोपीसारखे दिसतात आणि त्याचे शेपूट लांबलचक असते. काशीच्या माकडास ही टोपी नसते. शेपूट बरेच आखूड, तोंड लालसर आणि पार्श्वभागावरचे केस नारिंगी असतात. यास ऱ्हीसस माकड म्हणतात. काळ्या तोंडाचे वानर या दोघांहून निराळे. माकडे गालांतील पिशव्यांत खाद्य साठवितात. पाने खाणाऱ्या वानरास अशा पिशव्या नसतात.

शरीराची ही लक्षणे प्राणिसंग्रहालयातही पाहता येतात. मात्र प्राण्यांचा समाज कसा चालतो, याविषयी पिंजरा फसवू शकतो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२५ साली एका कृत्रिम टेकडीवर सुमारे शंभर बबून सोडण्यात आले. त्यांत बहुतेक नरच होते. थोड्या माद्यांसाठी भयंकर मारामाऱ्या झाल्या व पुष्कळ प्राणी दगावले. सॉली झुकरमन यांनी या वसाहतीचा अभ्यास करून १९३२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. वानरकुलाचा समाज मुख्यतः नरमादीच्या आकर्षणावर उभा असतो, असे त्यांचे मत होते. परंतु ती टोळी निसर्गाने घडविलेली नव्हती. माणसाने ती एकत्र कोंबली होती.

ऱ्हीसस माकडांविषयी अधिक खरे ज्ञान पिंजऱ्याबाहेर मिळाले. १९३८ साली भारतातून सुमारे ४०० माकडे प्वेर्तो रिकोजवळील कायो सान्तियागो या बेटावर नेऊन मोकळी सोडण्यात आली. प्रत्येक माकड ओळखून निरीक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांवरून दिसले, की लेकी जन्मभर आईच्या टोळीत राहतात, तर मुलगे वयात येताना बहुधा टोळी सोडतात. लेकीचा मान आईच्या मानावर ठरतो; आणि विशेष म्हणजे बहिणींत बहुधा धाकटीचा मान थोरलीहून वरचा असतो!

घाटावर पाहणाऱ्याने या गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. एखादे माकड दुसऱ्यापुढे ओठ मागे ओढून निमूटपणे दात दाखविते. लोक त्यास हसू समजतात. वस्तुतः ती भीतीची वा शरणागतीची खूण असते. उलट डोळे रोखून, तोंड वासून पाहणे ही धमकी होय. म्हणून माकडाच्या डोळ्यांत टक लावून पाहू नये. खाऊ तर मुळीच देऊ नये. खाऊची सवय लागलेले माकड पुढच्या यात्रेकरूच्या हातातली पिशवी हिसकावते. चावा अथवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता रुग्णालय गाठावे, कारण त्यापासून रेबीजचा धोका संभवतो.

सकाळी ऊन वर येईपर्यंत, खाद्याची धावपळ नसताना, टोळी निवांत बसते. एकमेकांचे केस विंचरण्याचे काम तासन्‌तास चालते. पोटाशी पिल्लू धरलेल्या मादीजवळ कोण येऊन बसते, कोणास ती दूर सारते आणि कोणापुढे स्वतःच जागा सोडून उठते, हे दुरून पाहण्यास ही वेळ उत्तम.